इंधनघटातलं 'धनाग्र' धन नसतं

प्रश्न असा आहे. इंधनघटावरच्या, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणाऱ्या फ्युएल सेलवरच्या, एका मराठी लेखात वाक्य होतं : 'हायड्रोजन धनाग्रावर येतो आणि तिथल्या प्लॅटिनममुळे त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात.' ते टोक ऋण असतं म्हणून संपादकांनी 'धनाग्र' खोडून 'ऋणाग्र' केलं. लेखकाचं म्हणणं, शाळेपासून आपण ॲनोडला धनाग्रच म्हणत आलो आहोत. मग बरोबर कोण?

दोघांचंही विज्ञान बरोबर आहे. गोची शब्दात आहे, आणि ती आपण मराठी करताना केलेली आहे.

शाळेत ॲनोड-कॅथोड पहिल्यांदा भेटतात ते विद्युत अपघटनाच्या, म्हणजे विजेने पदार्थ फोडण्याच्या, धड्यात. तिथे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली पट्टी ॲनोड असते. म्हणून धन अधिक अग्र, धनाग्र. त्या धड्यापुरता शब्द चोख आहे, लक्षातही राहतो. पण ॲनोडची व्याख्या धन-ऋणावर बेतलेलीच नाही. जिथे पदार्थ इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणजे ऑक्सिडीकरण होतं, तो ॲनोड. इंधनघटात हायड्रोजन इलेक्ट्रॉन गमावतो, ते इलेक्ट्रॉन त्या पट्टीवर साचतात आणि तारेतून बाहेर निघतात. जिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते टोक ऋणच असणार. म्हणजे ॲनोड तोच, चिन्ह उलटं.

मूळ शब्द घडवणाऱ्यांनी हे टाळलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1834 साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेला 'पोल' (ध्रुव) हा शब्द नको होता, कारण त्यातून आकर्षण-अपकर्षणाचा एक सिद्धान्त आपोआप गळ्यात पडत होता. त्याने केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला. ('सायंटिस्ट' हा शब्दही ह्यूएल यांचाच.) त्यातून ग्रीक 'होडोस', म्हणजे वाट, या शब्दावरून दोन नावं आली : ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरणारी. कल्पना सूर्याची. उगवतीकडून प्रवाह द्रावणात शिरतो, मावळतीकडून बाहेर पडतो. धन-ऋणाचा उल्लेखही नाही. त्यामुळे ही व्याख्या अपघटनालाही लागू पडते आणि इंधनघटालाही. आपण 'वाट' सोडून 'अग्र' घेतलं, म्हणजे पुन्हा टोकाकडे गेलो, आणि वर त्याला चिन्ह चिकटवलं.

हे हातात धरून बघायचं असेल तर प्रात्यक्षिकासाठी मिळणारा उलटसुलट चालणारा छोटा घट घ्यावा. मध्ये पातळ पडदा, एका बाजूला तार खोचायचं तांबडं भोक, दुसऱ्या बाजूला काळं. बॅटरीचं धन टोक तांबड्याला जोडलं की त्या बाजूला ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि काळ्या बाजूला आकारमानाने दुप्पट हायड्रोजन जमतो. आता बॅटरी काढून तिथे छोटा पंखा लावा. पंखा फिरतो, जमलेले वायू कमी होत जातात. या सगळ्यात तांबडी बाजू एकदाही ऋण होत नाही. पण पाणी फोडताना ती ॲनोड होती आणि पंखा फिरवताना ती कॅथोड झाली. अक्षरशः अर्थ घेतला तर ती कायमच धनाग्र आहे. पाठ्यपुस्तकी अर्थ घेतला तर मघाशी धनाग्र होती, आता ऋणाग्र आहे. संपादकांची दुरुस्ती म्हणूनच टिकत नाही : 'ऋणाग्र' वाचणारा शाळेच्या सवयीने कॅथोड समजेल आणि हायड्रोजन भलत्याच बाजूला नेऊन बसवेल.

उत्प्रेरकाबद्दल, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या प्लॅटिनमसारख्या पदार्थाबद्दल, लिहिताना ही चूक जास्त महागात पडते, कारण या क्षेत्रातलं अवघड काम ऑक्सिजनच्या बाजूचं आहे. तिथे एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, आणि ती संथ चालते. कागदावर घटाने 1.23 व्होल्ट द्यायला हवेत. प्रत्यक्ष काम करताना 0.6 ते 0.7 हाती लागतात, आणि या तुटीतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा असतो. म्हणून आम्लधर्मी पडद्याच्या इंधनघटात कॅथोडवर प्लॅटिनम जास्त घालावं लागतं. तसाच पडदा असलेल्या पाणी फोडणाऱ्या यंत्रात हीच ऑक्सिजनची बाजू ॲनोड होते, आणि तिथे आम्ल व चढं व्होल्टेज सोसणारं इरिडियम लागतं. 'धनाग्रावरचा उत्प्रेरक' एवढंच लिहिलं तर वाचकाने यातलं काय समजायचं?

'विद्युत उत्प्रेरक' या शब्दाबद्दलही विचारलं आहे. वापरायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी 'इलेक्ट्रॉनांची देवघेव असलेल्या अभिक्रियेचा वेग वाढवणारा' असा खुलासा जोडावा. नाहीतर तो विजेलाच चालना देतो असं वाटतं. आणि 'इंधन पेशी' नको. पेशी जिवंत शरीराची, विजेचा तो घट.

मी स्वतः ॲनोड आणि कॅथोड असंच लिहिते, आणि जमेल तिथे वायूचं नाव घेऊन बाजू सांगते. तुमचं वाक्य मी असं करेन : 'हायड्रोजन ॲनोडवर, म्हणजे घटाच्या ऋण टोकाशी येतो आणि तिथल्या प्लॅटिनममुळे त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात.'