मोन्सल ट्रेल सायकलने करावा की चालत?

जुलैमध्ये सासू-सासरे पुण्याहून येत आहेत, त्यांना घेऊन इंग्लंडमधल्या डर्बीशरचा मोन्सल ट्रेल (बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली वाट) सायकलने करावा की चालत, आणि संपूर्ण ट्रेल एका दिवसात होतो का, असे तुम्ही विचारले आहे. होतो, बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत तो एका बाजूने सुमारे 14 किलोमीटरांचा आहे. मात्र वडीलधारी माणसे बरोबर असताना सायकलचा विचारसुद्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मतावरून आमच्या घरात आजही वाद होतो.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रूळमार्गाची देखभाल पाहणारे निरीक्षक, होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे कर्जत-लोणावळा घाटात रूळ सांभाळण्यात गेली. या ट्रेलच्या जागी असलेली रेल्वे लाइन 1968 मध्ये बंद झाली आणि आता तिच्यावर लोक फिरायला येतात, हे कळल्यावर अण्णा आधी चिडलेच. चांगली लाइन उखडून तिथे सहली काढणाऱ्यांचे त्यांना काडीचे कौतुक नव्हते. हॅसॉपच्या जुन्या स्थानकावर आमच्या साडूंनी सर्वांसाठी सायकली भाड्याने घेण्याचा घाट घातला आणि ‘दोन तासांत जाऊन येऊ’ असे जाहीर केले. अण्णांनी नकार दिला. साडू मुलांना घेऊन पुढे गेले आणि आम्ही दोघे चालू लागलो.

डोंगर कापून काढलेल्या खिंडीत अण्णा कातळाजवळ थांबत, वरून ओघळणाऱ्या पाण्याला वाट कुठे काढून दिली आहे ते पाहत, आणि मगच पुढे निघत. हेडस्टोन बोगद्यात शिरल्यावर त्यांना भिंतीतले कोनाडे दिसले. गाडी आली की गँगमनने ज्यात अंग चोरून उभे राहायचे, ते हे कोनाडे. अण्णा एका कोनाड्यात शिरले, पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही खांदे आत ओढले आणि कंदील कोणत्या हातात व कसा धरायचा ते मला दाखवले. तेवढ्यात घंटी वाजवत सायकलस्वारांची एक रांग सपाट्याने निघून गेली. त्यांतल्या एकानेही मान वळवली नाही. अण्णा कोनाड्यातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या पाठीला भिंतीची काजळी लागली होती, आणि ती झटकू नकोस असे त्यांनी मला बजावले.

बोगद्याचे तोंड थेट वाय नदीवरच्या कमानींच्या पुलावर उघडते. ही लाइन 1863 ची, असे मी तिथे सांगताच अण्णा म्हणाले, ‘म्हणजे आपल्या बोरघाटाच्याच वर्षाची!’ मग सदतिसास एकच्या, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट चढणाऱ्या, आपल्या चढापुढे हा चढ किती किरकोळ, गाडीला मागून जोर देणारी बँकर इंजिने इथे किती लागली असती, यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले.

आम्ही परतलो तेव्हा साडू कॉफी संपवून बसले होते. ‘सपाट रस्ता, दुतर्फा झाडी आणि मध्ये चार बोगदे, त्यात पाहायचे काय?’ हे त्यांचे मत आजही कायम आहे, आणि मी सर्वांचा अर्धा दिवस फुकट घालवला असे ते प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला केवळ सायकल चालवायची आहे त्याला हा ट्रेल काय आणि एखादा कालवाकाठ काय, दोन्ही सारखेच. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना दामटण्याचे कारण नाही.

तेव्हा हॅसॉपहून निघा, पुलावरून क्रेसब्रुक बोगद्यापर्यंत चालत जा आणि परत फिरा. सासूबाईंना शाल घ्यायला सांगा, कारण भर उन्हाळ्यातही बोगद्यात गारठा असतो. आतले दिवे फक्त दिवसा चालू असतात, त्यामुळे संध्याकाळी रेंगाळू नका. हे बोगदे 2011 मध्ये खुले झाले; त्याआधी त्यांना टाळून डोंगरावरून वळसा घ्यावा लागे, म्हणून जुनी प्रवासवर्णने वाचून घाबरू नका. पुलाच्या वरच्या मोन्सल हेड या ठिकाणावरून पुलाकडे उतरणारी वाट मात्र खडी आहे, गुडघे दुखत असतील तर तिकडून अजिबात येऊ नका. मुले दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांच्यापुरत्या सायकली घ्यायला माझी तशी हरकत नाही, फक्त बोगद्यात त्यांना हळू चालवायला सांगा. सोमवारी बेकवेलचा बाजार असतो आणि गाडी लावायला जागा मिळणे कठीण जाते, तेव्हा दुसरा कोणताही वार निवडा.