लॉसलेस म्युझिकची टेक्नॉलॉजी बनवणाऱ्या छोट्या कंपनीत पैसे टाकावेत का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले सहा जण मिळून परदेशी शेअर्समध्ये थोडेथोडे पैसे टाकता, आणि आता एकाने ग्रुपवर काडी टाकलीये की हाय-रेस म्युझिकचा, म्हणजे सीडीपेक्षाही वरच्या दर्जाच्या आवाजाचा, जमाना येतोय, त्याची टेक्नॉलॉजी बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आत्ताच स्वस्तात उचलून ठेवू. तीन जण म्हणतात फरक कानाला कळतो म्हणून घ्यायचे, तीन जण म्हणतात डोंबल कळतो म्हणून नाही घ्यायचे.

माझ्या मते तुम्ही सहाही जण भलत्याच गोष्टीवरून भांडताय. आणि हे मत मला फुकटात मिळालेलं नाही, साधारण अकराशे पौंड पडलेत त्याला.

२०१५ ते १९ मी रेडिंगला होतो, लंडनच्या बाजूला, आयटीत. हाउन्सलोला आमचा एक मित्र रहायचा, मूळचा मिरजेचा, लहानपण तंतुवाद्यवाल्यांच्या दुकानांच्या गल्लीत गेलेलं, त्यामुळे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या नादातला तो बारीक झणकार, या विषयावर त्याच्याशी कुणी वाद घालायचा नाही असा नियमच होता. त्याने एक डॅक घेतला होता, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारी ती छोटी पेटी, आणि त्याच्यावर एक बारीक दिवा होता. साधं गाणं लावलं की वेगळा रंग, आणि एमक्यूएवालं गाणं लावलं की निळा. निळा दिवा लागला की हा खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचा. आम्ही चहा पीत बघत बसायचो.

एमक्यूए म्हणजे काय ते सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका कंपनीत बऱ्यापैकी सापडतं. २०१४ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या मेरिडियन ऑडिओच्या बॉब स्टुअर्टनी हे जाहीर केलं. कल्पना हुशारीची होती. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. स्टुडिओतला २४ बिट १९२ किलोहर्ट्झवाला मास्टर घेतला तर तो आकडा ९२१६ वर जातो, सीडीच्या साडेसहा पट. एवढं मोबाइलवरून कसं पाठवणार? तर यांनी वरच्या फ्रीक्वेन्सीची माहिती घडी घालून खालच्या बिटांत लपवायची युक्ती काढली, त्याला ओरिगामीच म्हणायचे, कागदाची घडी, आणि तुमच्याकडे लायसन्सवालं यंत्र असेल तर ती घडी उलगडणार. नसेल तरी गाणं वाजणार, पण बिनउलगडलेलं.

म्हणजे काय, तर टोलनाका. कंपन्यांनी गाणं एन्कोड करायचं तर एमक्यूए पाहिजे, डॅक बनवणाऱ्याने लायसन्स घ्यायचं, मध्ये स्ट्रीमिंगवाला, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पावती फाडायची सोय. गुंतवणूकदाराला असली गोष्ट ऐकली की लाळ सुटते, मलाही सुटली होती. तिन्ही मोठी म्युझिक लेबलं बरोबर आली, २०१७ च्या जानेवारीत टायडल या स्ट्रीमिंग सेवेने मास्टर्स नावाने ही गाणी सुरू केली, झालं, आता काय राहिलं.

मिरजकरांकडे एका शनिवारी आम्ही टेस्ट केली. लॅपटॉपवर फूबार म्हणून प्लेअर आहे, त्यात एबीएक्स नावाचं ॲडऑन मिळतं, ते तुम्हाला न सांगता दोनपैकी एक फाइल वाजवतं आणि तुम्ही ओळखायचं. एक हाय-रेस फाइल आणि तिचीच सीडी क्वालिटीला उतरवलेली कॉपी. सोळा वेळा. सोळापैकी बारा तरी बरोबर आले तर मानायचं की ऐकू येतंय, नाहीतर नाणं उडवूनही सातआठ येतातच. मिरजकरांचे नऊ आले, माझे सात. तो म्हणाला आज सर्दी झालीये. मजा म्हणजे ते रेकॉर्डिंग एका जुन्या मैफलीच्या टेपवरून केलेलं होतं, म्हणजे हाय-रेसमध्ये आम्ही टेपची खरखर फार उच्च दर्जाने ऐकत होतो.

हे आमचंच नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत अशाच टेस्ट घेतल्या होत्या, सीडीच्या दर्जाला उतरवलेला आवाज लोकांना ओळखता आला नाही. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरीतल्या जोशुआ राइसनी अठरा वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर बरोबर ओळखण्याचं प्रमाण आलं ५२.३ टक्के, ट्रेनिंग दिलेल्या लोकांचं याहून बरंच चांगलं. म्हणजे तुमच्यातले दोन्ही तट आपापल्या जागी थोडे बरोबर आहेत, फरक असेल तर तो बारीक आहे आणि कान तयार असलेल्याला कळतो. (हे सीडी विरुद्ध हाय-रेस हं. कमी बिटरेटचं एमपी३ आणि सीडी यातला फरक वेगळा, तो चांगल्या हेडफोनवर माझ्या बायकोलाही कळतो आणि तिला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आहे.)

पण शेअर घ्यायचा की नाही हे यावर ठरतच नाही हो. रस्ता किती गुळगुळीत आहे यावर टोलनाक्याची कमाई ठरत नाही, शेजारून फुकटचा रस्ता जातो का यावर ठरते.

आणि इथे तो जात होता, २००१ पासून. फ्लॅक नावाचा फॉरमॅट, ओपन सोर्स, लायसन्स फी शून्य, आवाजातला एक बिटही न टाकता फाइल साधारण निम्म्यावर आणतो. ॲपलचा स्वतःचा अलॅक आहे, तोही त्यांनी २०११ मध्ये खुला करून टाकला. एमक्यूएची सगळी मांडणी उभी होती ती बँडविड्थ महाग आहे या गृहीतकावर. ते किती टिकलं ते आपल्याला भारतात सांगायला नको, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि महिन्याला एक जीबी जपून वापरणारी आपली माणसं दिवसाला तेवढा उडवायला लागली. गाण्याची घडी घालायची गरजच संपली.

मग २०२१ आलं. एप्रिलमध्ये एका यूट्यूबरने स्वतःच्या टेस्ट फाइल्स टायडलवर चढवून दाखवलं की एमक्यूएमधून परत येणारा आवाज मूळ फाइलशी जुळत नाही, त्यावर कंपनीने खुलासे दिले, भरपूर राडा झाला. पण खरा घाव १७ मेचा. त्या एकाच दिवशी ॲपलने जाहीर केलं की सगळा कॅटलॉग लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकलेला, करणार, १९२ किलोहर्ट्झपर्यंत, आणि जास्तीचा एक पैसा घेणार नाही, आणि ॲमेझॉननेही आपल्या एचडीचे जादाचे पैसे काढून टाकले. आदल्या दिवसापर्यंत लोक ज्याला महिन्याला वीस डॉलर देत होते ते फुकट. बरं गंमत अशी की ॲपलच्या स्वतःच्या एअरपॉड्सवर तेव्हा लॉसलेस चालतच नव्हतं, ब्लूटूथमधून जायचं म्हणजे आवाज परत दाबावाच लागायचा. म्हणजे विकणाऱ्यालाही माहीत होतं की बहुतेकांना ते ऐकू येणार नाही, तरी दिलं, कारण त्याला फोन विकायचेत.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एमक्यूए ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली, म्हणजे आपल्या भाषेत दिवाळखोरीच्या दारात, सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या लेनब्रुकने, म्हणजे ब्लूसाउंड आणि एनएडी या ऑडिओ ब्रँडवाल्यांनी, तिची टेक्नॉलॉजी उचलली, आणि २०२४ च्या जुलैत टायडलनेही एमक्यूए काढून फ्लॅक लावलं. गायक नील यंगचा पोनो हा हाय-रेस प्लेअर तर त्याच्या आधीच गेला, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर साठ लाख डॉलरच्या वर जमवले होते २०१४ मध्ये, २०१७ ला गाशा गुंडाळला.

आता माझे अकराशे पौंड. एमक्यूए प्रायव्हेट होती, तिचे शेअर आपल्याला मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही लंडनच्या एआयएमवर, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या बाजारात, अशा धंद्याच्या आसपासची एक कंपनी शोधून काढली. नाव सांगत नाही, आणि दोष तिला द्यावा असंही फार वाटत नाही. तिकडे कंपन्यांच्या घोषणा सकाळी सातला येतात, त्यांना आरएनएस म्हणतात, मी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या फोन रिफ्रेश करत असायचो. आज अमुक लेबलशी करार, उद्या तमुक कार कंपनीशी बोलणी. शेअरवरच्या ऑनलाइन चर्चेच्या बोर्डावर आमच्यासारखेच बारके लोक, एकजण रोज हिशोब मांडायचा की जगात इतके कोटी स्ट्रीमिंग ग्राहक, त्यातले दहा टक्के जरी हाय-रेसवर गेले आणि प्रत्येकी महिना दहा पेन्स जरी आपल्या कंपनीला मिळाले तर शेअर वीसपट. कुणी शंका काढली की तो भाव पाडायला आलेला भाडोत्री. ते दहा टक्के का जातील आणि गेले तर दहा पेन्स आपल्याला का देतील, हा प्रश्न मीही विचारला नाही. आम्ही सगळे जवारीवर बोलत होतो.

घेतानाच दहा टक्के गेले, कारण अशा शेअरचा घ्यायचा भाव पाच पेन्स असेल तर विकायचा साडेचार असतो. मग कंपनीची कॅश संपत आली आणि प्लेसिंग आलं, म्हणजे मोठ्या फंडांना बाजारभावापेक्षा स्वस्तात नवे शेअर, आपला हिस्सा बसल्या जागी पातळ. मी ॲव्हरेज केलं, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेतले. सहा महिन्यांनी परत प्लेसिंग. परत ॲव्हरेज करायची हिंमत आणि पैसे दोन्ही नव्हते, विकून टाकले, काडीमोड.

छोटे लोक नेहमीच चुकतात असं मात्र म्हणू नका. टायडल ज्या कंपनीतून आली ती ॲस्पिरो, स्वीडनच्या बाजारात लिस्टेड होती. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीने शेअरला १.०५ क्रोना भाव दिला, सगळ्या कंपनीचे साधारण ५ कोटी ६० लाख डॉलर. छोटे शेअरहोल्डर म्हणाले भाव कमी आहे, अडून बसले, शेवटी मार्चमध्ये द्यावी लागलीच. २०२१ मध्ये स्क्वेअर या पेमेंट कंपनीने, आताचं ब्लॉक, त्याच टायडलचा मोठा हिस्सा घेतला तो जवळजवळ ३० कोटी डॉलरला. म्हणजे अडून बसलेल्यांचं गणित काही अगदी येडं नव्हतं. पण ती किंमत गाण्याच्या फॉरमॅटची होती की जे-झीच्या नावाची? पुढे २०२३ मध्ये ब्लॉकने टायडलपोटी १३ कोटी डॉलरच्या वर राइट ऑफ केले, म्हणजे बुडीत धरले, यावरून काय ते ओळखा.

कुणीतरी म्हणेल की आता स्पॉटिफाय आपल्याकडे लॉसलेसचे पैसे घेतंच ना. खरं आहे. त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा केली आणि माल आला सप्टेंबर २०२५ ला, बाहेरच्या बऱ्याच देशांत प्रीमियमवाल्यांना जादा पैसे न घेता, पण भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये जे प्लॅन पाडले त्यात लॉसलेस फक्त २९९ च्या प्लॅटिनममध्ये ठेवलं, १९९ च्या स्टँडर्डमध्ये नाही. तर हे शंभर रुपये कुणाला जातात ते बघा. स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातले साधारण दोन तृतीयांश गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना जातात, उरलेले स्पॉटिफायला, आणि फॉरमॅट आहे फ्लॅक, त्याचा टोल कुणालाच नाही. संगीताच्या धंद्यात खरा नाका गाण्यांच्या मालकीचा आहे, तो कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच तो स्वस्तात मिळत नाही. हा सल्ला नाही हं, तुम्ही लगेच लेबलांचे शेअर शोधायला जाल.

तुमच्या ग्रुपमधल्या त्या माणसाला एवढंच विचारा की तुझी कंपनी जे बनवते ते उद्या ॲपलने फुकट दिलं तर तिच्याकडे काय उरतं, आणि सध्याच्या खर्चात तिची कॅश किती महिने पुरते. दुसऱ्याचं उत्तर ताळेबंदात असतं, दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्याला तो "पेटंट" म्हणेल. एमक्यूएकडेही होती.

आणि ज्या तिघांना खरंच फरक ऐकू येतो त्यांनी एक बरा वायरवाला हेडफोन घ्यावा, शेअरपेक्षा स्वस्त पडेल. मिरजकरांचा तो डॅक मी परत येताना विकत घेतला, आता पुण्याला सासऱ्यांकडे आहे, नाट्यसंगीत ऐकतात त्यावर. निळा दिवा काही लागत नाही. दोनदा विचारून झालं त्यांचं, बिघडलाय का रे.