चौतिशीतला जायबंदी कर्णधार आणि संपत आलेला करार: क्लबने त्याला सोडावं का?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी आहे: फुटबॉल संघाचा कर्णधार ३४ वर्षांचा, दहा वर्षं मधल्या फळीत एकाच क्लबकडून खेळलेला. फेब्रुवारीत त्याच्या गुडघ्याचा एसीएल हा आतला पट्टा फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि करार ३० जूनला संपतोय. समर्थकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आता नारळ द्या. दुसरा म्हणतो, ज्याने क्लबसाठी हाडं झिजवली त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. ३० जूनला करार वाढवू नका. पण त्याचा गुडघा क्लबच्याच मैदानावर, क्लबच्याच खर्चाने पूर्ण बरा करा, आणि नव्या कराराचं काय ते तो संघाबरोबर पूर्ण सराव करायला लागल्यावर ठरवा. उपचार आणि करार हे दोन वेगळे विषय आहेत. ते एकात गुंतवले की दोन्ही बिघडतात, हे मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघ्याचे खेळाडूच जास्त असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा सगळा वाद ‘वय झालं’ आणि ‘दुखापत झाली’ या दोन शब्दांवर चालतो, आणि दोन्ही फार मोघम आहेत. पहिला प्रश्न हवा, नेमकं काय फाटलं? एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा. तो फाटला की त्याच्या जागी खेळाडूच्याच शरीरातला, बहुधा मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा, एक तुकडा काढून बसवतात. हा तुकडा नव्या जागी रुजायला वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून आम्ही नऊ महिन्यांवर अडून बसतो. चौतिशीतही हा तुकडा रुजतो, ती अडचण नाही. अडचण असते मांडीच्या स्नायूची. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांत तो डोळ्यांना दिसेल इतका वाळतो, आणि विशीतला मुलगा जो भराभर भरून काढतो तो भरायला मोठ्या खेळाडूला कितीतरी जास्त घाम गाळावा लागतो. दुसरी अडचण आधीच्या झिजेची. आतली कूर्चा झिजलेली असेल तर पट्टा कितीही छान बसवा, गुडघा दर सामन्यानंतर सुजणार.

म्हणून ३४ व्या वर्षी एकदाच फाटलेला, बाकी स्वच्छ असलेला गुडघा मला फारसा घाबरवत नाही. बत्तिशीतल्या खेळाडूची पोटरी एका वर्षात तिसऱ्यांदा धरली, तर मी जास्त काळजीत पडतो. पोटरीच्या दुखापती वयाबरोबर वाढतात आणि एकदा मागे लागल्या की सहज पाठ सोडत नाहीत.

दुसरा प्रश्न हवा, तो मैदानावर नेमकं काय करतो? २०११ मध्ये इटलीच्या मिलान क्लबने आंद्रेया पिर्लो या मधल्या फळीतल्या खेळाडूला जाऊ दिलं. वय ३२, दुखापतींनी अर्धा हंगाम खाल्लेला. इटलीतल्याच युव्हेंटसने त्याला फुकटात घेतलं, पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता लीग जिंकली आणि त्याच्यासह सलग चार वेळा विजेतेपद मिळवलं. पिर्लोचा खेळ वेगावर उभाच नव्हता. चेंडू पायाशी येण्याआधी त्याला पुढचा पास दिसलेला असायचा, आणि ही नजर पायांबरोबर म्हातारी होत नाही. आता याच्या शेजारी सर्जिओ रामोस या बचावपटूला ठेवा. २०२१ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिदने त्याला एका वर्षाचा करार देऊ केला, त्याला दोन वर्षं हवी होती, बोलणी फिसकटली. वय ३५, त्याच वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि पोटरी कुरकुरत असलेली. पॅरिसच्या क्लबकडे गेल्यावर पोटरीमुळे पहिला सामना खेळायला त्याला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. इकडे माद्रिदने त्याच हंगामात स्पेनची लीग आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या. मागे मोठी मोकळी जागा सोडून पुढे येणाऱ्या बचावपटूला स्फोटक पळावं लागतं, आणि ती ताकद पोटरीतूनच येते. दोन्ही क्लबांनी वयाचाच हिशेब केला होता. एकाचा चुकला आणि दुसऱ्याचा जमला, आणि माझ्या मते फरक वयात नव्हताच. तुमचा कर्णधार मधल्या फळीत खेळतो, पण तो पिर्लोसारखा मागे उभा राहून खेळ चालवतो की गोलपेटीपासून गोलपेटीपर्यंत धावतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने ते त्याच्या जन्मतारखेपेक्षा महत्त्वाचं आहे.

लेडली किंगची आठवण इथे येतेच. इंग्लंडमधल्या टॉटनहॅम क्लबचा हा बचावपटू गुडघ्यातली कूर्चा जवळपास संपलेली असताना वर्षानुवर्षं खेळला. आठवडाभर संघाबरोबर सराव नाही, आणि सामन्याच्या दिवशी थेट मैदानात. क्लबने त्याच्या गुडघ्याप्रमाणे आठवडा आखला आणि २०१२ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत त्याला सांभाळलं. प्रत्येकाला हे जमेल असं मी मुळीच म्हणणार नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक खेळाडू एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर यायचा. तिशी ओलांडलेला, शिस्तीचा, सांगितलेला व्यायाम कधी न चुकवणारा. चौथ्या महिन्यात त्याच्या क्लबने एजंटमार्फत फोनवर कळवलं की करार पुढे चालणार नाही. त्या दिवसापासून त्याचा गुडघा आमच्याशी खोटं बोलायला लागला. दुखतंय का, विचारलं की नाही. सूज दिसली की काल जरा जास्त चाललो म्हणून. त्याला नवा क्लब शोधायचा होता आणि नव्या क्लबला धावणारा माणूस दाखवायचा होता. आम्हाला न सांगता सहाव्या महिन्यात तो एका चाचणी सामन्यात उतरला आणि गुडघा टम्म सुजवून परत आला. आतली गादी फाटली होती. त्याचा राग मला कधीच आला नाही. घर चालवायचं असलेला माणूस दुसरं काय करणार? राग आला तो त्या क्लबचा. काम होतं तोवर खांद्यावर घेतलं, मग गरज सरो वैद्य मरो.

उलट बाजूनेही हेच घडतं. करार वाढणार की नाही या टांगत्या तलवारीखाली असलेला खेळाडू स्वतःच्या क्लबच्या डॉक्टरांपासूनही दुखणं लपवतो. मग क्लब ज्या वैद्यकीय अहवालावर निर्णय घेणार असतो तोच भरवशाचा राहत नाही. म्हणून त्याला पहिल्याच आठवड्यात लेखी सांगावं: करार होवो न होवो, गुडघा बरा होईपर्यंत तू इथेच. एवढ्या एका वाक्याने तो खरं बोलायला लागतो.

हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबने इब्राहिमोविच या आघाडीपटूच्या बाबतीत जवळजवळ हेच केलं. एप्रिल २०१७ मध्ये, ३५ व्या वर्षी त्याचा उजवा गुडघा फाटला. त्या हंगामात त्याने २८ गोल केले होते. जूनअखेर करार संपला आणि क्लबने तो संपू दिला. पण त्याचे उपचार क्लबच्याच सराव केंद्रात चालू राहिले, आणि ऑगस्टमध्ये एका वर्षाचा नवा करार झाला. पुढचं मात्र मला पटलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सुमारे सात महिन्यांत तो मैदानात उतरला. माझ्या मते ती घाई होती. गुडघ्याने पुन्हा त्रास दिला, त्या दुसऱ्या डावात त्याचा एकच गोल झाला आणि मार्चमध्ये तो अमेरिकेला गेला. युनायटेडला त्यातून खेळ फारसा मिळाला नाही, हे मान्य करायलाच हवं. पण तो माणूस संपलेला नव्हता. २०२० मध्ये तो मिलानला परतला आणि २०२२ मध्ये, चाळिशीत, अकरा वर्षांनी लीग जिंकणाऱ्या त्या संघात होता.

जूनमध्ये बसून नोव्हेंबरमधला गुडघा कुणालाच दिसत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्पेनचा मधल्या फळीतला खेळाडू सांती काझोर्ला. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून खेळताना तो जायबंदी झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, जखमेत संसर्ग, टाचेवरच्या स्नायुबंधाचा मोठा भाग कुजून गेलेला. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. पाय झाकायला हातावरची कातडी लावली, त्यामुळे मुलीच्या नावाच्या गोंदणाचा तुकडा घोट्यावर गेला. आर्सेनलने त्या काळात त्याचा करार एका वर्षाने वाढवला आणि २०१८ मध्ये तो संपू दिला. मग स्पेनमधल्या व्हियारेआल क्लबने त्याला घेतलं आणि २०१९ मध्ये तो पुन्हा स्पेनच्या राष्ट्रीय संघातून खेळला. आर्सेनलला मी दोष देत नाही. जवळपास दोन वर्षं न खेळलेल्या तेहतीस वर्षांच्या माणसावर आणखी किती पैज लावणार?

पैशाबद्दल थोडक्यात. करार चालू असताना ‘दुखापत झाली म्हणून काढलं’ असं फुटबॉलमध्ये सहसा चालत नाही; फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे नियम करार पाळण्याच्या बाजूचे आहेत. त्यामुळे तुमच्या क्लबपुढे ‘काढायचं का’ हा प्रश्नच नाही, ‘वाढवायचं का’ एवढाच आहे. शिवाय पगारापेक्षा महाग पडते ती जागा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगसारख्या स्पर्धेत २५ जणांची यादी द्यावी लागते, आणि जायबंदी खेळाडू त्यातली एक जागा अडवून बसला तर अर्धा हंगाम एक माणूस कमी. दोन वर्षांचा भावनेतून दिलेला करार मला चुकीचा वाटतो तो यामुळे. द्यायचाच तर जास्तीत जास्त एका वर्षाचा, मूळ पगार कमी आणि खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे चांगले पैसे. स्वतःच्या पायावर विश्वास असलेला खेळाडू यावर सही करतो.

कधीकधी खेळाडूच हिशेब मांडतो. बार्सेलोनाचा बचावपटू पुयोल याचा करार २०१६ पर्यंत होता, पण गुडघा साथ देत नाही हे ओळखून त्याने मार्च २०१४ मध्येच हंगामाअखेर जाणार असल्याचं जाहीर केलं. त्या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटतो. पण त्याची अपेक्षा धरून क्लबने गप्प बसू नये.

सोडायचंच ठरलं, तर सांगण्याची पद्धत महत्त्वाची. जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने आपला खेळाडू मार्को रॉइस याचं जाणं मे २०२४ च्या सुरुवातीला, हंगाम संपायच्या आत जाहीर केलं. त्यामुळे त्याला घरच्या मैदानावर शेवटचा सामना निरोपाचा म्हणून खेळता आला, आणि त्यात त्याने गोलही केला. खेळ वेगळा असला तरी अमेरिकन फुटबॉलमधला पेटन मॅनिंगही आठवतो. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण हंगाम तो बाहेर होता. २.८ कोटी डॉलरचा बोनस देय होण्याच्या तोंडावर, मार्च २०१२ मध्ये, त्याच्या संघाने, इंडियानापोलिस कोल्ट्सने, त्याला मोकळं केलं. मालक आणि खेळाडू एकाच व्यासपीठावर उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून बोलले. पुढे डेन्व्हरच्या संघाकडून त्याने एका हंगामात ५५ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले आणि शेवटी सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला. तरी कोल्ट्स आणि तो एकमेकांना कायमचे दुरावले नाहीत. फोनवर एजंटमार्फत कळलेल्या बातमीनंतर तसं होत नाही.

तुमच्या कर्णधाराची शस्त्रक्रिया फेब्रुवारीअखेरची धरली तर नऊ महिने नोव्हेंबरअखेर भरतात. तोवर खेळाडूंच्या क्लब-बदलाची उन्हाळी मुदत केव्हाच संपलेली असेल, पण मुदत संपण्याआधी करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूची नोंदणी एरवीही करता येते. आपल्या लीगची शेवटची तारीख तेवढी क्लबने तपासावी आणि यादीतली एक जागा रिकामी ठेवावी. मधल्या काळात दुसऱ्या क्लबने त्याला बोलावलं तर तो जाऊ शकतो, कारण तो मोकळा असेल. हा धोका क्लबने पत्करावा. नोव्हेंबरमध्ये दोन्ही मांड्यांची ताकद मोजावी. दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी ताकद भरली नसेल आणि सरावानंतर गुडघा सुजत असेल, तर मी स्वतः त्याच्यासमोर बसून सांगेन की आता खेळू नकोस. ताकद भरली असेल आणि तो पिर्लोच्या जातीचा खेळाडू असेल, तर त्याच दिवशी हंगामाअखेरपर्यंतचा करार त्याच्यापुढे ठेवावा.