'प्रतिजैविक पडदा' की 'जंतुनाशक लेप'?

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनातल्या फलकाबद्दल विचारणा आहे : 'माती व रंगापासून बनवलेला प्रकाशसक्रिय प्रतिजैविक पडदा' हे शब्द बरोबर आहेत का?

'प्रकाशसक्रिय' राहू द्या, बाकीचे बदला.

सर्वांत जास्त खटकतो तो 'प्रतिजैविक'. हा शब्द पेनिसिलिनसारख्या औषधांसाठी रुळला आहे. इथे रंगाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनला देतो. असा ऊर्जा मिळालेला, फार क्रियाशील 'सिंगलेट' ऑक्सिजन जंतूच्या पेशीचे ऑक्सिडीकरण करतो. पाण्यात हा ऑक्सिजन जेमतेम ३-४ मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे जंतू अगदी लगत असावा लागतो. सरळ 'जंतुनाशक' म्हणा.

'रंग' म्हटले की भिंतीचा रंगही आला. परिभाषेत विरघळतो तो रंजक आणि न विरघळता कणरूपात राहते ते रंगद्रव्य. यावर कोणी म्हणेल, खनिजात बसलेला रंजक विरघळत नाही, मग तो रंगद्रव्यच झाला की! मध्य अमेरिकेतला जुना 'माया निळा' तसाच आहे : पॅलिगॉर्स्काइट या खनिजात अडकलेली नीळ. तरी इथे 'रंजक'च हवा, कारण सगळे काम सुट्या रेणूवर चालते. मॉन्टमोरिलोनाइट या मातीतल्या खनिजावर मिथिलीन ब्लू या निळ्या रंजकाची दाटी झाली की रेणूंच्या चळती लागतात, प्रकाशाचे शोषण ६६४ नॅनोमीटरवरून ६०० च्या आसपास किंवा त्याखाली सरकते, निळा रंग जांभळ्याकडे झुकतो आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. लेप छान गडद दिसतो, जंतू मात्र तसेच.

'माती' वाचून पुणेकराच्या डोळ्यांसमोर शाडू येईल. 'मृत्तिका खनिज' म्हणा : सॅपोनाइट किंवा मॉन्टमोरिलोनाइट, ज्यांचे पत्रे सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि ऋणभारित असतात. भोसरीकडच्या फाउंड्रीवाल्यांना ही जोडी नवी नाही. साच्याच्या वाळूतले कामाचे बेंटोनाइट (मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच) मोजायला ते मिथिलीन ब्लू टेस्ट करतात : द्रावण थोडेथोडे घालत मिश्रणाचा थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा, गडद ठिपक्याभोवती फिकट निळे कडे उमटून टिकले की थांबायचे. मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून आपसूक चिकटतो. फ्लॉक्सिन बी हा दुसरा रंजक ऋणभारित, त्याला खनिज दूर लोटते. म्हणून आधी पत्र्यांवर लांब शेपटीचा, धनभारित अमोनियम सर्फॅक्टंट (साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ) बसवतात.

'पडदा' तर नकोच, तो खिडकीला. 'पटल' चालला असता, पण शेजारच्या ओळीत बायोफिल्मसाठी, म्हणजे जंतूंच्या चिकट थरासाठी, 'जैवपटल' आला तर घोटाळा. पृष्ठभागाला धरून असेल तर 'लेप', सोलून निघत असेल तर बिनदिक्कत 'फिल्म'.

म्हणून फलकावर : 'मृत्तिका खनिज व रंजक यांचा प्रकाशसक्रिय जंतुनाशक लेप'. खाली कोणता उजेड लागतो तेही लिहा. मिथिलीन ब्लूला लाल, फ्लॉक्सिन बीला हिरवा.