आई ९१ ची होऊन गेली, तरी एवढं रडू का येतंय?

"आई एवढी म्हातारी होऊन गेली, मग मला इतकं का लागतंय, माझं काही बिघडलंय का?" घरचं माणूस गेलेल्यांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे पुरुष असतात, जे बाकीच्यांसमोर रडत नाहीत. त्यातल्याच एकांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असं बदललंय.

मूळचे वसईचे कॅथलिक, नोकरीसाठी इंदूरला आले ते इथलेच झाले, वडील गेल्यावर आईलाही इकडेच आणलं. ती ९१व्या वर्षी गेली आणि वीसेक दिवसांनी हे रामबागेत माझ्यासमोर बसलेले.

मी पहिल्या दहा मिनिटांतच माती खाल्ली. तोंडातून निघून गेलं, "अहो भाग्यवान त्या, सोनं झालं." एवढी वर्षं हे काम करतेय तरी आपल्याकडची ही वाक्यं जिभेवर बसलेलीच असतात. ते मान हलवून गप्प झाले, चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "मॅडम, हे तर सगळेच फुकटात म्हणतायत." सॉरी म्हटलं, दुसरं काय करणार.

अडचण अशी की तिसाव्या दिवसाच्या मिस्सेत (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) त्यांना आईबद्दल चार शब्द बोलायचे होते. घरचे म्हणत होते तिच्या भक्तीबद्दल सांग, रोजची मिस्सा, संध्याकाळची रोझरी म्हणजे जपमाळ वगैरे. तरुणपणी तिनं सगळं लॅटिनमध्ये ऐकलेलं, १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, पण बाई घरात लितानी (संतांची नावं घेत करायची प्रार्थना) म्हणताना शेवटपर्यंत लॅटिनमधलं 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी प्रार्थना करा', असंच म्हणायची. हे सांगताना ते हसले आणि मग अडकले. स्वतः नाताळ-ईस्टरला चर्चमध्ये दिसणारे. "संतासारख्या बाईबद्दल मी काय बोलू, ती रोझरी करायची तेव्हा मी बातम्यांचा आवाज वाढवायचो."

खरा काटा दुसऱ्या भेटीत निघाला. सिस्टर राणी मारिया आठवतात का, उदयनगरकडे आदिवासींमध्ये काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही ननच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला आई हट्टानं व्हीलचेअरवरून गेली आणि परतताना गाडीत म्हणाली, "तिनं खुन्याला राखी बांधली, तू सख्ख्या भावाला फोन करत नाहीस." वसईच्या वाडीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. हे भडकले, "तुझं प्रवचन चर्चमध्ये ठेव" म्हणाले. तिनं मरेपर्यंत तो विषय परत काढला नाही.

आता बिघडलंय का, तर नाही. दुःख लांबल्याचं निदान आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) नुसार सहा महिन्यांच्या आत करतच नाहीत, इथे तर वीस दिवस. झोप, जेवण, काम सगळंच ठप्प असतं किंवा जगावंसं वाटत नाही असं म्हणाले असते तर सहा महिन्यांची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं, तसं नव्हतं. आणि लोक आईचं वय मोजतात पण ह्यांचं कोण मोजणार, ६२ वर्षांची सवय ती, त्यात शेवटी शेवटी अख्खा दिवस तिच्या गोळ्यांच्या वेळांवर चालायचा, ती गेली तर सकाळी उठून करायचं काय तेच कळेना.

मी म्हटलं संत राहू दे बाजूला, आई लिहून आणा, भांडकुदळ असेल तर तशी. आणलं की. दुपारी सीरियल बघत वेगळी रोझरी व्हायची, बोटं मण्यांवर, डोळे टीव्हीवर, दहा मणी संपले की मध्येच "आता बघ ही सून दार उघडणार." आणि पोह्यांवर शेव घालायची इंदुरी पद्धत तिला मरेपर्यंत पटली नाही, म्हणायची पोहे लपवून ठेवता का रे. (मला व्यक्तिशः हे मान्य नाही, पण असो.)

गाडीतलं वाक्यही कागदावर होतं. ते वाचायचं की नाही तुम्ही ठरवा म्हटलं. मनातून वाटत होतं वाचू नये, चर्च भरून नातेवाईक असतात, पण बोलले नाही.

मिस्सेनंतर त्यांचा फोन आला. सीरियलवर सगळे हसले, फादरसुद्धा. मी विचारलं, आणि ते गाडीतलं?

"वाचलं. भाऊ बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेस पकडून आला होता, दुसऱ्याच बाकावर बसलेला."

"मग?"

"मग काय. जेवताना म्हणाला ट्रेन वेळेवर होती. मी म्हटलं बरं. रात्री आमच्याकडेच राहिला. सकाळी पोहे खाल्ले दोघांनी."

जरा थांबून म्हणाले, "शेव नाही घेतली."