बडबडगीतातली गोष्ट वर्गात सादर करताना

प्रश्न : माझ्या पहिलीच्या वर्गात ४५ मुले आहेत. गोष्टीत भूमिका चार-पाचच असतात. उरलेल्यांनी काय करावे? (शिक्षिका, हडपसर)

उत्तर : भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. एक म्हातारी, एक वाघ, एक कोल्हा असे वाटप केले, की बाकीचा वर्ग नुसता प्रेक्षक होतो आणि थोड्याच वेळात चुळबुळ सुरू होते. त्याऐवजी पाच-सहा मुलांनी मिळून एकच वाघ व्हावे, म्हातारी दर प्रसंगाला बदलावी आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही ओळ मात्र कायम सगळ्या वर्गाची असावी. बाक हलवता येत नसतील, तर ‘चल रे भोपळ्या’ला मांडीवर दोन थापा आणि ‘टुणुक टुणुक’ला जागच्या जागी दोन उसळ्या एवढे पुरते. ओळ पुन्हा केव्हा येणार याकडे मुलांचे कान लागतात आणि वर्गाला गप्प करण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : मुले ओळी विसरतात. आधी पाठांतर करून घ्यावे का? (बालवाडीताई, धनकवडी)

उत्तर : अभिनयाआधी पाठांतर नको, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण यमकच मुलांना पुढचा शब्द सुचवते. ‘कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर...’ एवढे म्हणून आपण थांबावे आणि मुलांकडे पाहावे. ‘मेणाचे’ हा शब्द वर्गातूनच येतो. एखाद्याने ‘पानाचे’ म्हटले, तर त्याला लगेच दुरुस्त करू नये. त्याला ठेका सापडला आहे. पानांच्या घरावर पाऊस कोसळला तर काय होईल, हे त्याला अंगाने करून दाखवायला सांगावे, मग मूळ ओळीकडे यावे.

प्रश्न : एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात. ती वर्गात तोंडच उघडत नाही. (शिक्षिका, येरवडा)

उत्तर : तिला संवाद देऊ नका, पाऊस द्या. तळहातावर आधी एका बोटाने, मग दोन आणि शेवटी चार बोटांनी टाळी वाजवली, की रिमझिमीची हुबेहूब सर होते. सर केव्हा वाढवायची आणि केव्हा थांबवायची हे तिने ठरवावे आणि वर्गाने तिच्या हातांकडे पाहून साथ द्यावी. पुढे ती एखादी ओळ कन्नडमध्ये म्हणाली, तर ती गोष्टीत अवश्य ठेवावी.

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी पोशाख भाड्याने आणावेत का? (पालक, कोथरूड)

उत्तर : नकोत. टाचण्या लावलेल्या नऊवारीत पाच वर्षांच्या मुलीला धड उसळीही मारता येत नाही. डोक्यावरून घेतलेल्या ओढणीने ती म्हातारी होते. ध्वनिमुद्रित आवाजावर मुलांना ओठ हलवायला लावण्याची पद्धतही सोडावी, असे मी कळकळीने सांगेन. निवेदन शिक्षिकेने मुलांबरोबर मंचावर बसून करावे, म्हणजे कोणी अडखळले तर तिला थांबता येते.