जड गाडी ओढल्यावर डिझेल ट्रकचा पिकअप कायमचा जातो का?

ट्रेलर लावून दोन दिवस जड माल ओढला, आता रिकामी गाडीसुद्धा चढाला दम टाकते, तर इंजिन बसलं का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नसणार. पण हाच प्रश्न आमच्या घरात २०१६ पासून पडून आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यात चिपळूणजवळ खेर्डीला माल उतरवून मी रिकामी दहाचाकी घेऊन कराडला परत निघालो होतो. पोफळीच्या पुढे, कुंभार्ली घाट सुरू होतो तिथे मेव्हण्याची सहाचाकी उभी. मागे चिरा (जांभा दगड) भरलेला, क्लच प्लेट गेलेली. इंजिन चालू होत होतं, म्हणजे ब्रेकला लागणारी हवा भरत होती, ब्रेक लागत होते. नाहीतर मी हातच लावला नसता. क्रेनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मेव्हण्याचं तोंड उतरलं. मी साखळी काढली आणि टोचन लावलं, म्हणजे त्याची गाडी माझ्या मागे बांधून ओढायला घेतली.

आता हिशेब बघा. माझी रिकामी गाडी साधारण ९ टन, त्याची भरलेली १६ टन (चिरेवाला पासिंगमध्येच, म्हणजे गाडीला परवानगी असलेल्या एकूण वजनातच भरतो असं धरून चाला). बेरीज २५. माझ्या गाडीचं तेव्हा पासिंगच २५ टन होतं, २०१८ च्या जुलैत अशा गाड्यांची मर्यादा साडेअठ्ठावीस झाली. म्हणजे जे वजन मी रोज पाठीवर घेऊन चढायचो तेच त्या दिवशी मागून आलं. वजन हौद्यात आहे की साखळीला, हे इंजिनाला कळत नाही.

कळतं ते क्लचला आणि टायरला. मागची चाकं रिकामी, त्यामुळे वळणावर खडीत फिरायला लागायची. साखळी सैल पडली की पुन्हा ताणताना दणका बसायचा. समोरून बस आली की थांबा, किन्नर (गाडीचा क्लीनर) मागे दगड लावणार, मग अर्ध्या क्लचवर उचला. असं अकरा वेळा झालं. सातव्या-आठव्या वेळेपासून केबिनमध्ये करपल्याचा वास यायला लागला, तव्यावर रबर ठेवल्यासारखा. तापमानाचा काटा मात्र लाल पट्टीला एकदाही टेकला नाही, कारण मी गिअर खालचा ठेवला होता. माथ्यावर पोचल्यावर पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) तापलेला असताना एकदम बंद केलं की आतलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. काकांच्या मते हे डिझेल जाळणं. असो.

आठवड्याभरात गाडीचा पिकअप गेला. पुण्याहून भरून येताना खंबाटकी घाटात जिथे तिसरा गिअर चालायचा तिथे दुसरा, वर मागे काळाकुट्ट धूर. काकांनी निकाल देऊन टाकला : "बायकोच्या भावासाठी घरच्या गाडीचं इंजिन बसवलंस." मिस्त्री त्यांचाच. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खोलायचं ठरवलं. मी म्हणत होतो, आधी इंजिनाला जाणारी हवेची लाइन बघा. ऐकतंय कोण. हेड खोललं, पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या, ६५ हजार गेले. गाडी पुन्हा खंबाटकीला आली, दुसराच गिअर आणि तोच धूर.

मग एका रविवारी मी स्वतःच खाली शिरलो. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप वरून ठणठणीत दिसत होता. खालच्या बाजूला बोट फिरवलं तर ऑइलचा चिकट ओलावा, आणि दाबल्यावर बोटभर चीर उघडली. उभ्या गाडीत रेस केली तर ती मिटलेली राहते, लोडवर टर्बोचा दाब आला की तोंड उघडते. हवा बाहेर, डिझेल तेवढंच आत, म्हणून काळा धूर. सातशे रुपयांचा पाइप टाकला. पुढच्याच फेरीला खंबाटकीला तिसरा गिअर.

यावर काका काय म्हणाले असतील? "नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, आता बसल्या." खोडून काढता येत नाही असं बोलण्यात ते पटाईत आहेत.

तेव्हा तुम्ही आधी धूर आणि आरपीएमचा काटा बघा. काटा भरभर वर जातो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच घसरतोय. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप बघा, क्लिपा हाताने हलवून, खालून बोट फिरवून. धूर नाही आणि दमही नाही, तर डिझेल फिल्टर. हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. तोवर कुणी पान्हा घेऊन हेडकडे वळला तर त्याचा हात धरा, मग तो घरातला का असेना.

दोन गोष्टी राहिल्या. ओढताना तापमानाचा काटा लालमध्ये गेला असेल किंवा पाणी कमी होत असेल, तर मात्र हेड गॅसकेटची शंका खरी, मी वर लिहिलेलं विसरा आणि गाडी चालवू नका. आणि गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर आधी स्कॅनर लावा. त्यात डीईएफ (धूर स्वच्छ करायला टाकतात ते द्रव) किंवा सेन्सरची तक्रार आली की गाडी स्वतःच ताकद कमी करते, तिथे बोट फिरवून काही सापडत नाही. हौसिंगचं (मागच्या ॲक्सलच्या डब्यातलं) ऑइल पण बदलून घ्या, जड ओढल्यावर त्यातला क्राऊन गिअर तापतो.

हो, माझी क्लच प्लेट दोन महिन्यांनी गेली. ती त्या घाटातच जळाली होती, ते माझ्या नावावर धरा. साखळीने घाटात टोचन मी पुन्हा केलं नाही, तुम्हीही करू नका, क्रेन बोलवा.

तुमच्या गाडीचा पाइप फाटका निघाला तर फोटो काढून इथे खाली टाका. काकांना दाखवायचाय.